कानाने, डोळ्यांनी की जिभेने?

मोठ्या शहरात उंची चिनी रेस्टॉरंट शोधणारा माणूस बहुधा तीन गोष्टी पाहतो: बिलाचा आकडा, आतली सजावट आणि इतरांनी दिलेले गुण. तिन्ही पाहायला हरकत नाही, पण त्यांतून स्वयंपाकघराविषयी फारच थोडे कळते. लाल कंदील आणि सोनेरी ड्रॅगन कोणताही कंत्राटदार बसवून देतो. दर बरेचदा जागेच्या भाड्यावर ठरतात. गुण देणाऱ्यांची पसंती तर अनेकदा ओळखीच्या चवीला असते. माझ्या मते उंची चिनी रेस्टॉरंटची खरी खूण निराळी आहे. आपण चीनच्या कोणत्या भागाचे जेवण वाढतो हे त्याला नेमके ठाऊक असते आणि त्या भागाचे कसब त्याच्या ताटात दिसते. मुंबईसारख्या शहरात एवढी एक कसोटी हाती असली, तरी शोध पुष्कळ सोपा होतो.

ही कसोटी मराठी माणसाला नवी नाही. मालवणी, कोल्हापुरी, खानदेशी आणि वऱ्हाडी जेवण आपण कधी एका नावाखाली घालत नाही. चुलीवरची शेवभाजी आणि तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले एकाच भांड्यातले आहेत असे कुणी म्हटले, तर आपण हसू. महाराष्ट्राच्या कित्येक पट मोठ्या असलेल्या चीनला मात्र आपण ‘चायनीज’ या एका शब्दात बसवतो. चिनी लोक स्वतः आठ प्रमुख पाकपरंपरा मोजतात: शानडाँग, सिचुआन, गुआंगडाँग, जिआंगसू, फुजियान, झेजियांग, हुनान आणि आनहुई. गुआंगडाँगचा, म्हणजे कँटनचा, स्वयंपाक ताज्या मासळीची मूळ चव जपतो, तर सिचुआनचा तिखट आणि जिभेला मुंग्या आणणारा असतो. जिआंगसू-शांघायच्या बाजूला मंद आचेवर शिजवलेले, किंचित गोडसर पदार्थ आवडीने खाल्ले जातात. या साऱ्यांचा एकच मेनू करणारे हॉटेल म्हणजे मिसळ, पुरणपोळी, सोलकढी आणि तांबडा रस्सा एकाच हाताने करणारी खानावळ.

चिनी जेवण म्हणजे मुळात स्वस्त आणि झटपट खाणे, हा समज इतिहासाला धरून नाही. सोंग राजवटीची राजधानी असलेल्या कैफेंग शहराच्या आठवणी मेंग युआनलाओ याने ११४७ साली लिहून ठेवल्या. त्यात अनेक मजली भोजनगृहे आहेत, गिऱ्हाइकांची फर्माईश तोंडपाठ करून स्वयंपाकघरात पुकारणारे वाढपी आहेत आणि दक्षिणेचे किंवा सिचुआनचे जेवण देणारी स्वतंत्र दुकानेही आहेत. घरापासून दूर आलेले अधिकारी आणि व्यापारी आपल्या गावची चव शोधत तिथे जात. पॅरिसमध्ये आधुनिक अर्थाने रेस्टॉरंट सुरू झाले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे याच्या सहा शतकांनंतर. कोणत्या प्रांताचे जेवण, हा प्रश्न चिनी रेस्टॉरंटच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

दर आणि थाट यांवरून जेवण जोखू नये, हेही चिनी खवय्यांनीच सांगून ठेवले आहे. कवी युआन मेई याचा ‘सुईयुआन शिदान’ हा पाकग्रंथ १७९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो दोन दोष सांगतो. पहिला दोष कानाने जेवण्याचा: पदार्थाचे नाव मोठे आणि किंमत भारी, म्हणून तो मागवायचा. दुसरा डोळ्यांनी जेवण्याचा: टेबल ताटांनी भरून टाकायचे. नीट केलेले टोफू पाखराच्या घरट्याच्या महागड्या सूपपेक्षा सरस ठरते, असे त्याचे मत होते. सव्वादोनशे वर्षांनंतरही उंची रेस्टॉरंट निवडताना आपण याच दोन चुका करतो.

मुंबईत हा शोध अवघड का होतो, हे समजण्यासाठी इथल्या चिनी जेवणाचा प्रवास पाहावा लागतो. गोदीच्या कामामुळे चिनी खलाशी आणि कारागीर माझगावच्या आसपास स्थिरावले; त्यांचे छोटे मंदिर आजही तिथे आहे. चर्चगेटचे कामलिंग आणि कुलाब्याचे नानकिंग ही त्या समाजाने शहराला दिलेली नावाजलेली ठिकाणे होती आणि त्यांची मुळे कँटनच्या स्वयंपाकात होती. नानकिंग चालवणाऱ्या लिंग कुटुंबाने पुढे कुलाब्यातच लिंग्स पॅव्हेलियन उभे केले. मधल्या काळात १९६२ चे युद्ध झाले. भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळी छावणीत नेऊन ठेवण्यात आले आणि त्यानंतर अनेक कुटुंबांनी देश सोडला. माणसांबरोबर घराघरांतले पाककौशल्यही गेले, ही या कथेतली दुःखाची बाजू आहे. पुढे सत्तरच्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगनने सिचुआनचे जेवण मुंबईत आणले. त्याच दशकात, १९७५ च्या सुमारास, कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण आणि हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन तयार केले. पुढे त्यांनीच केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन हे उंची रेस्टॉरंट काढले. एकाच शहरात, एकाच दशकात दोन वाटा फुटल्या. एक सिचुआनकडे गेली आणि दुसरी आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीकडे.

दोन्ही वाटांवर नाव मात्र एकच राहिले, आणि घोटाळा तिथेच आहे. ‘शेजवान’ हा सिचुआन या नावाचाच अपभ्रंश. पण सिचुआनच्या जेवणाचा प्राण असलेली मिरी आपल्या शेजवान चटणीत बहुधा नसते. तिथे लाल मिरची आणि लसूण यांचेच राज्य असते. गंमत अशी, की त्या मिरीची सख्खी नातलग आपल्याकडेच आहे. कोकणातले आणि गोव्यातले तिरफळ आणि सिचुआनची मिरी एकाच वनस्पती-कुळातली, झँथॉक्झायलम या एकाच प्रजातिगटातली. तिरफळाने जिभेवर येणारी झिणझिणी ज्याला माहीत आहे, त्याला सिचुआनच्या ‘मा-ला’ या चवीतली ‘मा’, म्हणजे झिणझिणी, वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून सिचुआनचे जेवण मिळते असे सांगणाऱ्या ठिकाणी मापो टोफू मागवावे. ओठांना मुंग्या आल्या नाहीत आणि नुसतीच आग झाली, तर सिचुआन तिथे फक्त पाटीवर आहे.

कँटनच्या जेवणासाठी दोन पदार्थ पुरतात. पहिला म्हणजे हार गाव हे कोळंबीचे डिमसम. गव्हाच्या स्टार्चची पारी इतकी पातळ हवी, की आतली कोळंबी गुलाबी दिसावी. तरी ती काडीने उचलताना फाटता कामा नये. उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या आणि तिला कळ्या पाडणाऱ्या हातांना हे कसब किती अवघड आहे ते लगेच कळेल. दुसरा पदार्थ म्हणजे आले आणि पातीचा कांदा घालून वाफवलेला अख्खा मासा. वर गरम तेल आणि थोडा सोया सॉस, बस्स. मसाल्याआड लपायला इथे जागाच नाही. मासा ताजा नसेल किंवा दोन मिनिटे जास्त शिजला असेल, तर पहिल्या घासाला कळते, आणि पापलेट पारखणाऱ्या मुंबईकराला तर नक्कीच कळते. बीजिंगचे बदक देणारे ठिकाण असेल, तर ते आधी सांगून ठेवावे लागते का, हे विचारावे. कातडी वाळवायला बराच वेळ लागतो, म्हणून आगाऊ मागणी घेणारे स्वयंपाकघर बहुधा प्रामाणिक असते. शेवटी चहा पाहावा. चिनी चहाची निवड मेनूत नेमक्या नावांनी दिलेली असेल, तर जेवणाचा विचार पूर्ण झाला आहे असे समजावे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सारा शुद्धतेचा अट्टहास आहे. मंचुरियन आणि शेजवान राइस या आपल्या चवी आहेत, त्यांना कमी का लेखायचे? कमी लेखण्याचे कारणच नाही. कोलकात्याच्या टँगरा भागापासून मुंबईच्या गाड्यांपर्यंत घडलेले हे स्वतंत्र भारतीय खाणे आहे आणि त्याचा सन्मान व्हायलाच हवा. शिवाय ‘अस्सल’ म्हणजे गोठलेले, असेही नव्हे. ज्या मिरचीवाचून आज सिचुआनची कल्पना करवत नाही, ती मिरचीही कोलंबसानंतर अमेरिका खंडातून तिथे पोहोचली, जशी आपल्याकडे पोहोचली. आग्रह शुद्धतेचा नाही, स्पष्टतेचा आहे. मंचुरियन वाढणाऱ्याने मंचुरियन म्हणून अभिमानाने वाढावे; पण चौपट दर लावून तेच सिचुआनचे म्हणून देऊ नये.

दुसरा आक्षेप पैशांचा. चिनी जेवणाला एवढे पैसे का द्यायचे? न्यूयॉर्क विद्यापीठातले अभ्यासक कृष्णेंदू राय यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एथनिक रेस्टॉरेटर’ या पुस्तकात दाखवले आहे, की लोक एखाद्या पाकशैलीला किती दाम मोजायला तयार होतात, ते ती शैली आणणाऱ्या समाजाच्या प्रतिष्ठेशी जोडलेले असते. फ्रेंच आणि जपानी जेवणाला मिळणारा दर चिनी आणि भारतीय जेवणाला सहज मिळत नाही, आणि ते कौशल्य कमी असल्यामुळे नव्हे. डिमसमच्या आचाऱ्याला हात बसायला वर्षे लागतात. त्या कष्टाला दाम मिळायला हवे. मात्र उलटेही तितकेच खरे: महाग म्हणजे उत्तम नव्हे. हाँगकाँगच्या टिम हो वान या साध्या डिमसम दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला, आणि २०१६ साली सिंगापूरमध्ये सोया सॉसमधले चिकन विकणाऱ्या एका छोट्या गाळ्यालाही. भारतात मिशेलिनची मार्गदर्शिका निघत नाही, त्यामुळे हे पारखण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

तिसरा आक्षेप शाकाहाऱ्यांचा: ही कसोटी आमच्या काय कामाची? सहाव्या शतकात लियांग घराण्याच्या सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य केले, आणि तेव्हापासून मठांमध्ये समृद्ध शाकाहारी स्वयंपाक वाढत गेला. त्यात कांदा-लसूणही चालत नाही, म्हणजे जैन पद्धतीच्या तो बराच जवळ येतो. चांगल्या रेस्टॉरंटला टोफू, मशरूम, बांबूचे कोंब आणि कमळकाकडी यांचे पदार्थ मनापासून करता यायला हवेत. नुसते चिकन काढून पनीर घालणे म्हणजे शाकाहार नव्हे. मात्र विचारून खात्री करावी, कारण ऑयस्टर सॉस आणि कोंबडीचा रस्सा भाज्यांमध्येही असतो, आणि मापो टोफूत मूळचा खिमा असतो.

२०११ साली लंडनहून हक्कासान वांद्र्यात आणि यौआचा वांद्रे-कुर्ला संकुलात आले. तेव्हापासून मुंबईत उंची चिनी जेवणाची निवड वाढली आहे, आणि भपक्याची स्पर्धाही. गिऱ्हाइकाने भपका मागितला, तर त्याला भपकाच मिळेल. म्हणून पुढच्या वेळी टेबल राखून ठेवताना दर आणि दिव्यांची चौकशी करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: तुमचा आचारी चीनच्या कोणत्या प्रांताचे जेवण करतो? नेमके उत्तर मिळाले, तर निश्चिंत मनाने जा. ‘सगळेच मिळते’ असे उत्तर आले, तर दुसरीकडे फोन करा.