'क्रिश'चे रक्त आणि '२.०'ची चिप

सन २०२५ मध्ये 'क्रिश'च्या चौथ्या भागाची घोषणा झाली आणि वाशीम, रिसोड, मंगरूळपीरकडच्या आपल्या पोरांमध्ये जुना वाद पुन्हा सुरू झाला. विज्ञानपटाचा सरस दुसरा भाग कोणता? २००६ चा 'क्रिश' की २०१८ चा '२.०'? एका गटाला हृतिक रोशनच्या उड्या हव्यात, दुसऱ्याला रजनीकांत. आम्ही या वादात पडतो आहोत ते उड्या मोजण्यासाठी नव्हे. जो चित्रपट विज्ञानाच्या नावावर तिकीट विकतो, त्याला संविधानाच्या कलम ५१ क (ज) ची कसोटी लावलीच पाहिजे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते थिएटरच्या दारात चपलेसारखे काढून ठेवायचे नसते.

आधी 'क्रिश'. त्याचा पहिला भाग, म्हणजे २००३ चा 'कोई मिल गया', आम्हाला आवडला होता. वर्गात हिणवला जाणारा, मंदबुद्धी म्हणून ओवाळून टाकलेला रोहित. परग्रहावरचा जादू त्याला भेटतो, त्याच्याशी मैत्री करतो आणि त्याची बुद्धी फुलते. संधी आणि माया मिळाली की हिणवलेले पोरही पुढे जाते, असा अर्थ त्यातून काढता येत होता. दुसऱ्या भागाने त्यावर बोळा फिरवला. रोहितला जे मैत्रीतून मिळाले, ते त्याच्या मुलाला, कृष्णाला, जन्मतःच मिळते. ना अभ्यास, ना सराव, ना शिक्षक. बापाच्या रक्तात होते म्हणून लेकाच्या रक्तात आले! हा चित्रपट २३ जून २००६ रोजी पडद्यावर आला. त्याच उन्हाळ्यात केंद्रीय शिक्षणसंस्थांमधील ओबीसी आरक्षणाविरुद्ध दिल्लीत वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि 'गुणवत्ता' हा शब्द वाहिन्यांवर अष्टौप्रहर गर्जत होता. गुणवत्ता म्हणजे जणू काही घराण्यांची वडिलोपार्जित शेती. निर्मात्याने ठरवून काही केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या समाजात जन्मावरून लायकी ठरवण्याचा हजारो वर्षांचा सराव आहे, तेथे असे कथानक कोणालाच खटकत नाही, हेच आम्हाला खटकते.

याचा त्रास कोणाला होतो? मानोरा तालुक्यातला एखादा बाप पोराला दहावीनंतर कामाला लावतो आणि आम्हाला सांगतो, "गणित आपल्या घराण्यातच नाही, वकीलसाहेब." हे त्याला कोणी शिकवले?

'क्रिश'मधला दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. खलनायक डॉ. सिद्धांत आर्य भविष्य दाखवणारा संगणक बनवून घेतो. त्यात त्याला क्रिशच्या हातून स्वतःचा मृत्यू दिसतो. तो टाळण्यासाठी तो एकाला क्रिश समजून मारतो, तरी यंत्र पुन्हा तेच दाखवते आणि अखेर तसेच घडते. हे विज्ञान नव्हे, हे वीजेवर चालणारे पंचांग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचा अभ्यासक्रम आणला. शास्त्रज्ञ डॉ. पुष्प भार्गव त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अभ्यासक्रम वैध ठरवला. निकालाचा आदर राखूनही आम्हाला तो पटलेला नाही. दोन वर्षांनी तेच ज्योतिष संगणकाचा वेष घेऊन पडद्यावर आले. तथागतांनी ब्रह्मजाल सुत्तात ग्रहनक्षत्रे पाहून भविष्य सांगण्याला हीन विद्या म्हटले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच्याही मुळावर घाव घातला. माणसाची दैना पूर्वकर्माने आली असे एकदा मानले, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात.

आता '२.०'. यात भोंगळपणा कमी नाही, उलट जास्तच आहे. मेलेल्या माणसाचा 'ऑरा' लाखो मोबाइल एकत्र करून प्रचंड पक्षी बनतो. आपल्या खेड्यात याला भूत म्हणतात. टॉवरच्या लहरींनी पाखरे मरतात असे चित्रपट छातीठोकपणे सांगतो, पण ते विज्ञानाने तसे सिद्ध झालेले नाही. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली, तेव्हा एवढ्यापुरते तिचे म्हणणे बरोबर होते. पक्षी खरोखर कशाने मेले याचे सिद्ध झालेले उदाहरण आपल्याच देशात होते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने, त्या गुरांचे मेलेले मांस खाऊन, गिधाडे संपली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. ज्या लोकांनी बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन मेलेली ढोरे ओढणे सोडले, त्यांना गिधाड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. पण दिग्दर्शक शंकर यांना टॉवर दिसला, फवारणीचा पंप दिसला नाही.

तरीही आमचा कौल '२.०'लाच आहे. कारण चिट्टी. तो कोणाच्या पोटी जन्मलेला नाही, तो कारखान्यात घडवलेला आहे. पहिल्या भागाच्या, २०१० च्या 'रोबोट'च्या शेवटी न्यायालयाच्या आदेशाने त्याचे सुटे भाग होतात. दुसऱ्यात संकट येताच डॉ. वसीगरन ते पुन्हा जोडतात. लाल चिप घातली की तो क्रूर, काढली की सभ्य. गुण-अवगुण रक्तात नसून घालण्या-काढण्यात आहेत, हे एवढ्या ठसठशीतपणे व्यावसायिक पडद्यावर क्वचितच दाखवले गेले असेल. (त्याच वर्षी जूनमध्ये पा. रंजित यांच्या 'काला'त रजनीकांत धारावीच्या जमिनीसाठी उभा राहिला. तो चित्रपट ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी दोन्ही भाग बाजूला ठेवून आधी तो पाहावा.)

आणि पक्षीराजन. अक्षय कुमारचा हा म्हातारा पक्षितज्ज्ञ अधिकाऱ्यांचे, मंत्र्याचे, कंपनीवाल्यांचे उंबरे झिजवतो, विनवतो, कोणी ऐकत नाही आणि शेवटी टॉवरलाच फास घेतो. निवेदनावर पोच घेऊन वर्षानुवर्षे परतणारी माणसे आम्ही वाशीमच्या कचेरीबाहेर रोज पाहतो. चित्रपटाने त्याला राक्षस केले हा अन्याय आहे. मात्र त्याचे गाऱ्हाणे चित्रपट ऐकवतो आणि शेवटी शास्त्रज्ञच त्याची बाजू मंत्र्यापुढे मांडतो. 'क्रिश'मध्ये गाऱ्हाणे असलेला एकही सामान्य माणूस आम्हाला सापडला नाही.

राहता राहिला 'क्रिश'चा येणारा भाग. २०१३ च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी त्याच्या तान्ह्या पोरातही ती शक्ती उतरल्याचे दाखवून झाले आहे. त्यामुळे चौथ्यात पोराच्या रक्तात काय निघेल, हे सांगायला डॉ. आर्यचे यंत्र लागत नाही.