मध्यरात्री बुडणारा डेटा आणि दुकानदाराचा हिशेब

गेल्या वर्षी रमजान ईदच्या आधीच्या आठवड्यातील हकीकत आहे. महाडच्या एका दुकानदाराचा एक लाख चाळीस हजारांचा ड्रेस मटेरियलचा माल बांधून तयार होता आणि टेम्पो दाराशी उभा होता. महाराष्ट्राच्या आत एक लाखावरचा माल ई-वे बिलाशिवाय हलवता येत नाही, हे व्यापारी बंधूंना ठाऊकच आहे. त्या दिवशी दुपारपासून अंबरनाथ पूर्वेत आमच्या गल्लीची वीज गेलेली. वीज नाही म्हणजे तारेवरचे इंटरनेटही नाही. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू होता, म्हणून पुतण्याने नेहमीप्रमाणे आमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून दिला. साडेतीन वाजता पोर्टल उघडेनासे झाले. पांढऱ्या पडद्यावर एक चकरी फिरत राहिली. टेम्पोवाल्याला पुढे उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून आणखी गठ्ठे उचलायचे होते. त्याने पंधरा मिनिटे वाट पाहिली आणि मग बडबड सुरू केली.

दिवसाचा दीड जीबी डेटा संपला होता. आम्हाला ते खरे वाटेना. सकाळपासून सुरतच्या आडत्याने पाठवलेले चार-दोन व्हिडिओ पाहिले, वीस-पंचवीस गिऱ्हाइकांचे पैसे यूपीआयवर आले, एवढाच वापर. यूपीआयच्या व्यवहाराला डेटा नावालाच लागतो. मग दीड जीबी खाल्ला कोणी? पुतण्याने शोध लावला. कॉम्प्युटरने आमचा हॉटस्पॉट म्हणजे घरचे वायफाय समजून आपले विंडोजचे अपडेट मुकाट्याने उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. आम्ही गिऱ्हाइकांना तागे उलगडून दाखवत होतो आणि टेबलाखालचे यंत्र आमचा डेटा फस्त करत होते. अर्धा डेटा संपला, नव्वद टक्के संपला, असे दोन संदेशही येऊन पडले होते. ते इंग्रजीत होते. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजी संदेश आम्ही सवडीने मुलाकडून वाचून घेतो. सवड मिळेपर्यंत तिसरा संदेशही आला. अखेर पुतण्याच्या फोनवरून बिल निघाले आणि टेम्पो पाऊण तास उशिरा हलला.

या मर्यादेचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा, असे त्या दिवशी आम्ही ठरवले.

आमच्या पिढीने टेलिफोनचा हिशेब एसटीडी बूथवर शिकला. काचेच्या खोलीत शिरायचे, सुरतेचा नंबर फिरवायचा आणि डोळे त्या लाल आकड्यांच्या मीटरवर ठेवायचे. रात्री उशिरा चौथाई दर लागे, म्हणून भाव विचारायला आम्ही जेवण करून निघत असू. महाग होते, पण जितके बोललो तितकेच पैसे, यात कोणाला शंका नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा फोनवरून मिळणारा वेग होता ९.६ किलोबिट आणि विक्री होती तासांच्या हिशेबाने. आज दिवसाचा डेटा संपल्यावर पुष्कळ योजनांत वेग ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे ज्याला आज आपण ‘नेट बंद पडले’ म्हणतो, तो वेग १९९५ च्या पूर्ण वेगाच्या साडेसहापट आहे. तरी काम होत नाही, कारण कागद जड झाले आहेत. ६४ किलोबिटने एक एमबी उतरवायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पाच एमबीचा कॅटलॉग उतरायला दहा मिनिटे. एवढ्यात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन खरेदी करून बाहेरही पडते.

रोजची मर्यादा ही तशी अलीकडची चाल आहे. २०१६ पूर्वी एक जीबी डेटा साधारणतः अडीचशे रुपयांना मिळत असे आणि तो लोक महिनाभर पुरवून वापरत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. पहिल्या फुकट मुदतीत दिवसाला ४ जीबी, नंतर मार्च २०१७ अखेरपर्यंत दिवसाला १ जीबी, अशी वाटणी होती. लोकांना दिवसाच्या मापाची सवय तेथून लागली. बाकीच्या कंपन्यांनाही त्याच मापाने विकणे भाग पडले. डेटा स्वस्त झाला, यात वाद नाही. आमच्या धंद्याला त्याचा मोठा फायदा झाला. पूर्वी सुरतेचा नमुना पाहायला रात्रीची गाडी पकडावी लागे. आता नवी डिझाइन बाजारात येण्याआधी तिचा व्हिडिओ आमच्या हातात असतो. कंपन्यांना निव्वळ शिव्या देणाऱ्यांत आमची गणना होऊ नये.

पण हिशेब तो हिशेब. जुलै २०२४ मध्ये दरवाढ झाल्यानंतर रोज दीड जीबी, २८ दिवस, अशी योजना २९९ रुपयांना झाली. २८ दिवसांचे ४२ जीबी होतात. जीबीमागे सात रुपये बारा पैसे. ऐकायला स्वस्त. आम्ही एका पूर्ण मुदतीत रोज रात्री दुकान बंद करताना वापराचा आकडा वहीत लिहिला. मुदत संपली तेव्हा ४२ पैकी २३ जीबी वापरले गेले होते आणि १९ जीबी रोजच्या मध्यरात्री थोडे थोडे बुडाले होते. म्हणजे जीबी आम्हाला पडला तेरा रुपयांना. आणि याच मुदतीत चार दिवस असे निघाले, की दुपारीच डेटा संपला व १९ रुपयांचा एक जीबीचा जादा पॅक घ्यावा लागला. चार वेळचे ७६ रुपये. एकीकडे १९ जीबी वाया घालवायचे आणि दुसरीकडे १९ रुपयांनी एकेक जीबी विकत आणायचा! कापडाच्या बाजारात असा सौदा कोणी मान्य करेल काय? पूर्ण ताग्याचे पैसे मोजायचे, रोज दीड मीटर फाडायचे आणि न फाडलेले कापड रात्री बारा वाजता मिलवाल्याने परत न्यायचे. उल्हासनगरात कटपिसावर कित्येकांच्या पिढ्या जगल्या. उरलेल्या तुकड्यालाही किंमत असते, हे येथे शाळेतल्या पोरालाही कळते.

अर्थात डेटा म्हणजे कापड नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. तो गोदामात ठेवता येत नाही. टॉवरची ताकद त्या वेळी जोडलेल्या सर्वांत वाटली जाते. संध्याकाळी लोकल आली आणि स्टेशनच्या पूर्वेला गर्दी उतरली, की प्रत्येकाच्या हातातला फोन एकाच टॉवरकडे हात पसरतो, आणि पट्टी पूर्ण दिसत असूनही व्हिडिओ अडखळतो. एकाने महिन्याचा सगळा डेटा एका रात्री ओढू नये, म्हणून रोजचे माप बांधले, असे कंपनी म्हणेल. त्यात तथ्य आहे. एसटीची रिकामी गेलेली सीट उद्या विकता येत नाही. पण मग पासवाल्याला आज प्रवास केला नाही म्हणून उद्या दोनदा बसू द्यायचे नाही, असा नियम एसटीने तरी कुठे केला आहे?

दुसऱ्या देशांत हॉटस्पॉटचा प्रश्न वेगळ्या वळणाने गेला. अमेरिकेत मोठ्या कंपन्या फोनवरचा डेटा कॉम्प्युटरला देण्यासाठी, म्हणजे टेदरिंगसाठी, महिन्याला स्वतंत्र वीस डॉलरपर्यंत आकारत. डेटा तोच, टॉवर तोच, फक्त तो दुसऱ्या यंत्रात गेला म्हणून वेगळे पैसे. हे कंपनीला कळते कसे? डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर तो किती टप्प्यांतून जाऊ शकतो याचा आकडा असतो. फोनचे पुडके ६४ ने निघते. कॉम्प्युटरचे पुडके फोनमधून जाताना एकाने कमी होते, आणि त्यावरून मागे दुसरे यंत्र आहे असा अंदाज बांधता येतो. जकात नाक्यावर गठ्ठ्याची शिलाई पाहून माल कोठला ते ओळखणारे कारकून आम्ही पाहिले आहेत. त्यातलाच हा प्रकार. लोकांनी फोनमध्ये हॉटस्पॉटची आयती साधने टाकून ही वसुली चुकवायला सुरुवात केली, तेव्हा व्हेरायझन कंपनीने ती साधने रोखण्याचा खटाटोप केला. ते प्रकरण तेथील सरकारी नियामकाकडे गेले आणि जुलै २०१२ मध्ये कंपनीला साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

आपल्याकडे सर्वसाधारण प्रीपेड योजनांत हॉटस्पॉटला वेगळा आकार लावण्याची चाल पडली नाही. पण रोजच्या मर्यादेने तेच काम दुसऱ्या दाराने होते. फोनच्या छोट्या पडद्यापुरते बेतलेले माप कॉम्प्युटरला जोडले, की दुपारीच संपते. मोठ्या पेढीवाल्याला याची झळ नाही. त्याच्याकडे तारेची जोडणी आणि मोठा जनरेटर आहे. झळ लागते ती एका फोनवर दुकान, जीएसटीचे रिटर्न, बँक आणि रात्री मुलांचा अभ्यास चालवणाऱ्याला.

२८ दिवसांच्या महिन्याबद्दलही एक शब्द. बाजारात मुद्दत म्हणजे तीस दिवस. आपला चांद्र महिना एकोणतीसचा किंवा तिसाचा असतो. अठ्ठावीसचा महिना मात्र रिचार्जवाल्यांकडेच भेटतो, आणि त्यामुळे वर्षात बाराच्या ऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. ट्राय या नियामक संस्थेने २७ जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांची, तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन, फक्त बोलणे व एसएमएस असलेल्या योजनाही द्याव्यात, असा नियम केला. आमच्या मेहताजींकडे बटणाचा फोन आहे. ते वर्षानुवर्षे न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत होते. या योजना असतात, पण रिचार्जवाला स्वतःहून सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

विचारल्यावर आम्हाला काय मिळाले? रोजची मर्यादा नसलेली, तीस दिवसांत एकदम २५ जीबी देणारी योजना. २०२४ मध्ये तिचा दर ३५५ रुपये होता. दिसायला २९९ पेक्षा महाग. पण आमचे खरे बिल २९९ अधिक ७६, म्हणजे ३७५ होते, तेही २८ दिवसांचे. ईदच्या आठवड्यात दिवसाला तीन जीबी गेले तरी चालते आणि बाजार थंड असलेल्या दिवसांचे काही बुडत नाही. ज्याच्या घरात रोज सिनेमे पाहिले जातात त्याला ही योजना परवडणार नाही. त्याने रोजच्या मापावरच राहावे. आधी एक मुदत वहीत आकडे लिहावेत.

कराचीही एक गोष्ट आहे. २९९ रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे ४५ रुपये ६१ पैसे. तेरा रिचार्जचे सुमारे ५९३ रुपये वर्षाला, एका नंबरमागे. जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्याने पेढीच्या नावाने, आपला नंबर बिलावर घालून जोडणी घेतली, तर धंद्याच्या वापराच्या करात वजावट मिळते. आपल्यापैकी बहुतेकांचे सिम स्वतःच्या किंवा मुलाच्या नावावर असते आणि ही रक्कम दरसाल जाते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना अर्थात ही वजावट नाही.

उरला मुख्य प्रश्न, न वापरलेला डेटा पुढे नेण्याचा. हे होत नाही म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दक्षिण आफ्रिकेत नियामकाच्या नियमाने फेब्रुवारी २०१९ अखेरपासून कंपन्यांना ग्राहकास उरलेला डेटा पुढे नेण्याची आणि दुसऱ्याला देण्याची सोय द्यावी लागली. आणि आपल्याच देशात व्होडाफोन आयडियाने २०२० मध्ये काही योजनांत सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सवलत काढली. म्हणजे यंत्राला अडचण नाही. एका कंपनीने स्वखुशीने केले ते ट्रायने सर्वांना लागू करावे, एवढेच मागणे आहे, आणि ते व्यापारी संघटनांनी लेखी पाठवले पाहिजे. दरवाढीवर चहाच्या टपरीवर तासभर बोलणारे आमचे बंधू नियामकाने हरकती-सूचना मागवल्या की एक ओळ लिहीत नाहीत.

दरम्यान पुतण्याने कॉम्प्युटरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये आमच्या हॉटस्पॉटपुढे ‘मीटर्ड कनेक्शन’ असे करून ठेवले आहे. त्यामुळे मोठी अपडेट तारेचे नेट येईपर्यंत थांबतात. काउंटरच्या काचेखाली त्याने एक कागदही सरकवला आहे, वर मराठीत आणि खाली उर्दूत: हॉटस्पॉट लावण्याआधी किती डेटा उरला ते पाहा, बिल निघाले की बंद करा. परवा पुन्हा वीज गेली. मेहताजींनी तो कागद मोठ्याने वाचला, आमचा फोन मागून घेतला, दोन बिले काढली आणि हॉटस्पॉट स्वतः बंद करून फोन परत दिला. ८० एमबी खर्च झाले होते.