एकावर एक ओतू नका!

जव्हारचा पाऊस ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना शेवाळ काय ते सांगायला नको. श्रावण सरेपर्यंत मोरी, न्हाणीघर, मागचं अंगण सगळं हिरवं आणि निसरडं! मग गणपतीच्या आधी घासाघीस सुरू होते. घरात ब्लीचिंग पावडर असते, संडास धुवायचं ॲसिडही असतं. एकानं काम होईना, की वाटतं, दोन्ही घालू या, दुप्पट स्वच्छ निघेल.

मैत्रिणींनो, घात होतो तो इथेच.

खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, ते आपण नेहमी पाहतो. आंबटामुळे सोड्यातला वायू मोकळा होतो. तो बिचारा निरुपद्रवी. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं, की मोकळा होतो क्लोरीन! पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममध्ये सैनिकांवर सोडला तो हाच वायू. मुंबईत शिवडीला १४ जुलै २०१० रोजी जुन्या सिलिंडरमधून तो गळला, तेव्हा कितीतरी जणांना इस्पितळात न्यावं लागलं.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड. त्यामुळे तो खाली साचतो. म्हणजे ओणवं होऊन फरशी घासणारीच्या आणि दाराशी रांगत आलेल्या बाळाच्या नाकातोंडात आधी जाणार. शिवाय दुप्पट स्वच्छता होतच नाही. दोन्ही पदार्थ एकमेकांतच खर्ची पडतात.

तेव्हा एका वेळी एकच वापरा. दुसरं वापरायचंच तर आधी भरपूर पाण्यानं धुऊन काढा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. ब्लीचिंगमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा काचा पुसायचं अमोनियाचं पाणीही मिसळू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ॲसिड सरबताच्या बाटलीत भरू नका, आणि दोन्ही एका फळीवर ठेवू नका.

चुकून मिसळलंच, तर आवरत बसू नका. आधी मुलांना घेऊन मोकळ्या हवेत या. डोळे चुरचुरत असतील तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा. खोकला थांबेना, धाप लागली, तर १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. आता बरं वाटतंय म्हणून गप्प राहू नका. काही वेळा त्रास कित्येक तासांनी वाढतो. कुठल्या दोन वस्तू मिसळल्या, ते डॉक्टरांना न लाजता सांगा.