स्वतःच्याच कथेवर रडताना

गेली तीसेक वर्षं मी कथा लिहितो. मोठा लेखक वगैरे नव्हे. दिवाळी अंकांतून वर्षाला एखाद-दुसरी कथा, मध्येच कधी आकाशवाणीसाठी श्रुतिका, एवढंच. पण एका बाबतीत मोठे लेखक आणि आमच्यासारखे छोटे सारखेच असतात. आपणच रचलेल्या दुःखावर आपणच रडतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं, आणि थोडं आहेही. एकदा मी टेबलाशी बसून डोळे पुसत होतो. सौभाग्यवती चहा घेऊन आली आणि घाबरून म्हणाली, ‘‘अहो, काय झालं? कुणाचा फोन होता का?’’ मी सांगितलं, कथेतला म्हातारा मरतोय. ती कप ठेवत म्हणाली, ‘‘मग मारू नका ना त्याला!’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

एका कथेच्या वेळी मात्र हे हसण्यावारी नेता आलं नाही. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, १९८४ साली गेला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. दवाखान्याचं बिल, नातेवाइकांना तारा, स्मशानातली लाकडं, सगळं माझ्याच अंगावर पडलं आणि मी रडलो नाही. तेराव्यालाही नाही. ‘धाकटा धीराचा आहे हो’, असं लोक म्हणाले. अकरा वर्षांनी, १९९५च्या एका दिवाळी अंकासाठी मी दादावर कथा लिहायला घेतली. त्याला एसटीतला कंडक्टर केलं, गाव बदललं. कथेत तो गेल्यावर त्याची बायको रोज संध्याकाळी त्याच्या मनगटी घड्याळाला किल्ली देते. ते वाक्य लिहिलं आणि अकरा वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. बराच वेळ मला समोरचा कागद दिसत नव्हता.

आता यातली अडचण पाहा. घड्याळाची गोष्ट मी बनवलेली होती. आमच्या वहिनी असं काही करत असल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. जे खरोखर घडलं त्यावर मी रडलो नाही आणि जे घडलंच नव्हतं त्यावर रडलो. दुसरी अडचण याहून लाजिरवाणी. डोळे पुसल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर ‘संध्याकाळी’ खोडून ‘तिन्हीसांजेला’ लिहिलं. ते अधिक बरं वाटलं म्हणून! भावासाठी रडणारा माणूस शब्द कसे निवडत बसतो? त्या रात्री मला झोप आली नाही. आपण भावाचं मरण वापरलं, असंच वाटत राहिलं.

हा प्रश्न मला एकट्याला पडलेला नाही, हे पुढे वाचनात आलं. प्लेटोच्या ‘आयॉन’ या संवादात होमरचं काव्य म्हणून दाखवणारा एक कलावंत आहे. करुण प्रसंग म्हणताना आपले डोळे भरून येतात, असं तो सॉक्रेटिसला सांगतो. पण तेवढ्यातच कबूलही करतो की त्याची नजर श्रोत्यांवर असते. ते रडले तर पैसे मिळणार म्हणून हा हसणार. ते हसले तर रडण्याची पाळी याच्यावर. तेवीसशे वर्षांहून जुना हा कबुलीजबाब वाचून मला जरा हायसं वाटलं.

खरं समाधान मात्र आपल्याकडच्या एका शास्त्रकाराने केलं. क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर पारध्याने मारला, मादीचा आक्रोश वाल्मीकींनी ऐकला आणि शोकाचा श्लोक झाला, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त तिचा आधार घेतला. त्यावर सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्ताने टीका लिहिली. तो म्हणतो, हा शोक मुनीचा स्वतःचा आहे असं समजू नका. जो दुःखाने होरपळतो आहे त्याची ही अवस्थाच नव्हे. त्याच्याकडून काव्य होणार नाही. पक्ष्याचा शोक मुनीच्या हृदयात उतरला, तिथे त्याचा आस्वाद झाला, आणि काठोकाठ भरलेला घडा उतू जावा तसा तो श्लोक बाहेर पडला. म्हणजे लिहिताना येणारं पाणी हे पहिल्या दुःखाचं नसतं. ते दुःख एकदा आत जाऊन, निराळं होऊन परत आलेलं असतं. म्हणूनच डोळे भरलेले असतानाही हाताला शब्द निवडता येतो.

हे तत्त्व एखाद्या लेखकाच्या आयुष्यात पाहायचं तर चार्ल्स डिकन्ससारखं उदाहरण नाही. त्याच्या घरी राहायला आलेली त्याची मेहुणी, मेरी होगार्थ, ७ मे १८३७ रोजी अचानक वारली. वय सतरा. डिकन्सने तिच्या बोटातली अंगठी काढून स्वतःच्या बोटात घातली. त्या वेळी त्याच्या दोन कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी चालू होत्या, ‘पिकविक पेपर्स’ आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. वेळेचा इतका पक्का माणूस, पण पुढच्या महिन्याचे दोन्ही हप्ते निघाले नाहीत. होरपळलेल्या माणसाची लेखणी थांबते म्हणतात, ती अशी. पुढे साडेतीन वर्षांनी, जानेवारी १८४१मध्ये, ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मधल्या चिमुकल्या नेलचं मरण लिहायची वेळ आली. तिला वाचवा, अशी वाचकांची पत्रं येत होती. तो प्रसंग लांबवत राहिला, मित्रांना लिहिलेल्या पत्रांत कळवळत राहिला, मेरी जणू कालच गेली असं त्याला वाटू लागलं. पण या वेळी हप्ता चुकला नाही. (ही कादंबरी ज्या साप्ताहिकात येत होती, त्याच्या नावातही घड्याळच होतं, ‘मास्टर हंफ्रीज क्लॉक’!)

साने गुरुजींचं पाहा. आई गेली १९१७ साली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली फेब्रुवारी १९३३मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. पाच दिवस आपल्या लक्षात राहतात. त्यामागची पंधरा वर्षं आपण विसरतो.

शरीराला मात्र हा फरक कळत नाही. ‘मादाम बोव्हारी’ची नायिका सोमल खाऊन मरते. तो भाग लिहिताना फ्लोबेरच्या तोंडाला सोमलाची चव येत होती आणि पोटातलं अन्न ठरलं नाही, असं त्याने स्वतःच १८६६ साली एका पत्रात लिहून ठेवलं आहे. डिकन्स आयुष्याच्या शेवटी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग रंगमंचावर वाचून दाखवायचा, तेव्हा त्याची नाडी बहात्तरवरून एकशे दहाच्या पुढे जायची. डॉक्टर नोंद करत होते. तरी त्याने तो प्रयोग सोडला नाही. १८७० साली तो गेला.

मग माझ्या बनावट घड्याळाचं काय? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर ती मुलं आधीपेक्षा उदास झाली. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच दिसला, काहींत दिसलाही नाही, तेव्हा हे औषध म्हणून घेऊ नये. मला थक्क केलं ते १९९६च्या दुसऱ्या एका प्रयोगाने. मेलनी ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थिनींना स्वतःच्या नव्हे, तर काल्पनिक आघातावर, जणू तो आपल्यावरच ओढवला आहे असं समजून, लिहायला लावलं. त्यांच्याही दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. खऱ्या दुःखाचे तपशील आपण इतक्या वेळा सांगून झालेले असतात की ते गुळगुळीत होतात. बनवलेल्या तपशिलावर पहारा नसतो. ही माझी समजूत, शास्त्रज्ञांवर तिचा बोजा नाही.

एक गैरसमज मात्र नव्या लेखकांनी करून घेऊ नये. आपण रडलो म्हणजे कथा साधली, असं नसतं. मी ज्या कथेवर सर्वांत जास्त रडलो, ती संपादकांकडून साभार परत आली, आणि आज वाचताना वाटतं की त्यांचं बरोबर होतं. माझं रडणं टेबलावरच राहिलं होतं, कागदावर उतरलंच नव्हतं.

दादावरची कथा छापून आली. वहिनींना अंक पाठवावा की नाही, यात मी दोन महिने घालवले. शेवटी पाठवला. संक्रांतीच्या सुमारास त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ‘‘भावोजी, वाचली. ते घड्याळ मी पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवून दिलं होतं. किल्ली द्यायची भीतीच वाटायची. नाही दिली तर परत बंद पडेल ना!’’ मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही रडलात का लिहिताना?’’

‘‘हो.’’

‘‘मी नाही रडले हो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘मला ती दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटली. त्या बाईचं वाईट वाटलं मात्र. पुढे काय होतं तिचं?’’