आकाश पुन्हा वाचताना

मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या कुणालाही पावसाळ्याने खराब केलेली कॅसेट ठाऊक असते. घाटकोपरच्या दमट हवेतूनच माझं टेपचं वेड सुरू झालं. पवईच्या आयआयटीत साठच्या दशकात मिन्स्क-२ हा सोव्हिएत संगणक आला, कुलाब्याला टीआयएफआर या संशोधनसंस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला. ही नावं अभ्यासकांना पाठ असतात. त्या यंत्रांनी भरलेल्या टेपची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही.

चुंबकीय कण पट्टीला धरून ठेवणारा बंधक हवेतली ओल शोषतो आणि विघटित होऊ लागतो. मग टेप चिकट होते आणि वाचताना तिचा थर यंत्राच्या हेडवर साचतो. अशी टेप सुमारे ५० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तापवली, तर काही काळ वाचता येते आणि तेवढ्यात तिची प्रत करून घ्यावी लागते. ओलीपासून वाचली तरी यंत्राची पिढी बदलते. डेटा साठवायच्या एलटीओ टेपच्या आठव्या पिढीचं यंत्र फक्त एकच पिढी मागची टेप वाचू शकतं. म्हणून टेप कपाटात ठेवून निश्चिंत होता येत नाही, ती सतत नव्या टेपवर उतरवत राहावी लागते. हे काम करणाऱ्यांचं नाव शोधनिबंधावर क्वचितच येतं, आणि तो मला अन्याय वाटतो.

हे सगळं कशासाठी, ते खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी नीट कळतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणला ऑस्ट्रेलियातून भेट आलेल्या ३२ छोट्या तबकड्या उभारून सूर्याचा अभ्यास सुरू केला. तिथून उटीची दुर्बीण आणि मग नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, असा हा प्रवास. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार साठवला जातो. ही कच्ची नोंद. आकाशाचं चित्र त्यातून गणिताने काढायचं असतं. सुरुवातीच्या वर्षांत खगोलशास्त्रज्ञ ती डॅट टेपवर घरी नेत.

२०१० ते २०१२ या काळात इथे १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं सर्वेक्षण झालं. २,००० तासांहून अधिक निरीक्षण, एकेका दिशेला साधारण १५ मिनिटं. चित्रं मात्र भागाभागाने बाहेर पडली आणि आकाशाचा मोठा हिस्सा तसाच पडून राहिला. अडचण आयनमंडलाची होती. इतक्या कमी वारंवारितेला ते रेडिओ लहरींना दिशेदिशेला वेगवेगळं वाकवतं, त्यामुळे एकच दुरुस्ती सगळ्या चित्राला पुरत नाही. डच खगोलशास्त्रज्ञ ह्यूब इंटेमा यांनी स्पॅम ही पद्धत नेमकी यासाठीच तयार केली होती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी संग्रहातली कच्ची नोंद उचलली आणि सगळी नव्याने सोडवली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ३६,९०० चौरस अंश आकाश आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत होते. त्यासाठी एकही अँटेना नव्याने वळवावी लागली नाही. तयार चित्रं ठेवून नोंदी पुसून टाका, जागा वाचेल, असं सुचवणाऱ्या प्रत्येकाला मी हा निबंध दाखवीन.

खरा वाद त्यानंतर सुरू झाला. ऑस्ट्रेलियातल्या खगोलशास्त्रज्ञ नताशा हर्ली-वॉकर यांनी निबंधातली स्रोतांची यादी तिथल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या ग्लीम सर्वेक्षणाशी ताडून पाहिली. स्रोतांच्या तेजस्वितेचं माप आकाशाच्या भागानुसार कमीजास्त होत होतं. त्यांनी यादीच्या एका भागाची मापं सुधारून प्रसिद्ध केली. पुढे विश्वरचनेच्या अभ्यासकांनाही या यादीत मोठ्या कोनांवर स्रोतांची अनपेक्षित दाटी दिसली, आणि ती आकाशातली की मापातली, यावर खल झाला. अशा प्रश्नाचा निकाल तयार यादीकडे पाहून लागत नाही. त्यासाठी ४३५ जोड्यांच्या त्या मूळ आकड्यांपर्यंत परत जावं लागतं. खोडदच्या लोकांनी ते जपले आहेत.