बर्फाने सवलत दिलेलं गाव

फिनलंडच्या नकाशात खाली डावीकडे समुद्रात घुसलेलं एक बारीक टोक दिसतं. हिमयुग ओसरताना बर्फाने वाळू-गोट्यांचे लांबच लांब बांध मागे टाकले. त्यातला साल्पाउसेल्का नावाचा एक बांध इथे येऊन पाण्यात उतरतो. त्या बांधावर हांको वसलं आहे. देशाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत दक्षिणेचं शहर. वस्ती आठ हजारांच्या आसपास. त्यातले चाळीसएक टक्के लोक स्वीडिश बोलतात. त्यामुळे रस्त्यांची नावं दोन भाषांत, आणि गावालाही नावं दोन: हांको आणि हांगो.

फिनलंडची बंदरं हिवाळ्यात गोठतात. हांकोपुढचा समुद्रही गोठतो, पण इतरांपेक्षा उशिरा आणि कमी दिवस. निसर्गाने दिलेली ही एवढीच सवलत. हांकोत जे काही घडलं, ते बहुतेक हिच्यापायी. मात्र तिचा फायदा घ्यायला आले ते बहुतेक बाहेरचेच.

गाव नव्हतं तेव्हाही इथे माणसं थांबत. वारा अनुकूल होईपर्यंत जहाजं हाउएनसुओली नावाच्या अरुंद सामुद्रधुनीत नांगरून पडत. कंटाळलेले खलाशी, व्यापारी, सरदार कातळावर आपली नावं आणि कुळचिन्हं कोरत बसत. सोळाव्या शतकापासूनची अशी सहाशेहून अधिक कोरीवकामं आज होडीतून जाऊन पाहता येतात. पर्यटक किल्ल्याच्या भिंतीवर नाव खरडतात तेव्हा आपण चिडतो. चारशे वर्षं थांबलं की तोच वारसा होतो! १७१४ साली या टोकाजवळ पीटर द ग्रेटच्या आरमाराने स्वीडनला हरवलं. रशियन लोक या जागेला गांगुत म्हणतात, आणि तो विजय त्यांच्या आरमारी इतिहासातला पहिला मोठा विजय मानला जातो. पुढे स्वीडनने बेटांवर किल्ला बांधला, तो फिनलंडसकट रशियाकडे गेला आणि क्रिमियन युद्धात १८५४ साली रशियनांनीच सुरुंग लावून उडवला.

खरं हांको रेल्वेने आणलं. ह्युविंका ते हांको हा मार्ग एका खासगी कंपनीने बांधला आणि तो १८७३ साली सुरू झाला. कंपनीला तो झेपला नाही. दोनच वर्षांत सरकारने विकत घेतला. दरम्यान १८७४ साली हांकोला शहराचा दर्जा मिळाला होता. १८९० साली मुर्ताया ही फिनलंडची पहिली बर्फफोडी बोट आली आणि हिवाळ्यातही इंग्लंडकडे माल जाऊ लागला. त्यात मुख्य माल लोणी. फिनिश लोण्याला इंग्रजांच्या न्याहारीत मोठी मागणी होती. पाठवण्याआधी ते तपासणारी सरकारी संस्थाही हांकोतच होती.

त्याच बोटींतून माणसंही जात. १८८० ते १९३० या काळात सुमारे अडीच लाख लोक हांकोच्या धक्क्यावरून देश सोडून गेले. बरेचसे पोह्यान्मा प्रांतातले: जमीन मोठ्या भावाला, धाकट्यांना काही नाही, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोक्यावर झारच्या सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार. ‘आर्क्टुरुस’ किंवा ‘पोलारिस’ या बोटींनी इंग्लंडमधलं हल बंदर, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग अटलांटिक. कुणी मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत गेला, कुणी ओंटारियोच्या जंगलात लाकूडतोडीला. या लोकांची आठवण म्हणून किनाऱ्यावर उडत्या पक्ष्यांचं शिल्प उभारलंय. शिल्प सुरेख आहे, पण मला ते जरा गोड वाटतं. पक्षी वसंतात परत येतात. यातले बहुतेक आलेच नाहीत.

आणि गंमत पाहा, याच काळात याच रेल्वेने इथेच मुक्कामाला येणारी मंडळीही उतरत होती. १८७९ साली इथे समुद्रस्नानाचं आरोग्यकेंद्र निघालं होतं. पीटर्सबर्गचे रशियन उमराव उन्हाळाभर चिखलाचे लेप लावून घेत, बँड ऐकत. त्यांच्यासाठी बांधलेल्या लाकडी नक्षीच्या कोठ्या आजही किनाऱ्यालगत उभ्या आहेत. स्टेशनाच्या एका फलाटावर दोन फिनलंड भेटत असणार. एकमेकांकडे पाहत होते की नाही कोण जाणे.

रशियातल्या क्रांतीनंतर रशियन येईनासे झाले. १९१८ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य उतरलं ते हांकोलाच. फिनलंडच्या यादवी युद्धात ‘गोऱ्यां’च्या, म्हणजे लाल क्रांतिकारकांविरुद्धच्या सरकारी सैन्याच्या बाजूने लढायला आलेल्या या जर्मनांचं स्मारक १९२१ साली उभं राहिलं, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली काढावं लागलं आणि १९६० मध्ये मजकूर बदलून पुन्हा बसवलं.

गोऱ्यांचा सेनापती मानरहाइम याचा उन्हाळी बंगला इथेच होता. शेजारच्या कॅफेतला गोंगाट सहन होईना म्हणून १९२७ साली त्याने तो कॅफेच आपल्या हाती घेतला, असं सांगतात. दारूबंदीच्या त्या दिवसांत कपातल्या चहात नुसता चहा नसे, हेही. ‘चार वाऱ्यांचं घर’ नावाचा हा कॅफे अजून चालतो.

मार्च १९४० मध्ये फिनलंड आणि सोव्हिएत संघातलं हिवाळी युद्ध संपलं आणि तहात हांको द्वीपकल्प लष्करी तळासाठी तीस वर्षांच्या भाड्याने सोव्हिएत संघाला गेलं, वर्षाला ऐंशी लाख फिनिश मार्क भाडं ठरवून. नऊ-दहा दिवसांत गाव रिकामं झालं. पुढच्या वर्षी पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा वेढ्यातल्या सोव्हिएत सैनिकांनी मानरहाइमला एक असभ्य, धमाल पत्र छापून पाठवलं. म्हणजे माजी कॅफेमालकाला त्याच्याच गावातून शिव्या! १९४१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला तळ सोडताना मात्र धमाल उरली नव्हती. ‘योसिफ स्टालिन’ हे जहाज सुरुंगांवर आदळलं आणि हजारो माणसं मेली किंवा कैदेत गेली. फिनिश लोक परतले तेव्हा गाव उद्ध्वस्त होतं. चर्चशेजारचा पाण्याचा मनोरा १९४३ साली नव्याने बांधला गेला. १९४४ साली सोव्हिएत संघाने तळासाठी जागा मागितली ती हेलसिंकीजवळची पोर्क्काला, हांको सुटलं.

आज उन्हाळ्यात शिडाच्या होड्यांची शर्यत भरते, कोठ्या भाड्याने जातात, धक्क्यावर गर्दी उसळते. ऑगस्ट संपला की गाव आपल्या आठ हजारांवर येतं. धंदा मात्र अजून बंदराचाच: फिनलंडमध्ये आयात होणाऱ्या नव्या मोटारगाड्यांचा मोठा हिस्सा इथे उतरतो आणि ट्रकमधून देशभर जातो.