अडतीस फेऱ्यांची शेती

२०२५ साली जबलपूरला, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठापुढे, क्लबबूम इलेव्हन या फँटसी कंपनीने नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला आव्हान दिलं. खेळात कौशल्य किती नि नशीब किती हे न पाहता, पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केले आहेत. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही याचिका कर्नाटक आणि दिल्लीतल्या याचिकांसह स्वतःकडे घेतली. वाद जुनाच: संघ निवडणं हे डोक्याचं काम की जुगार? माझ्या मते याचं उत्तर मोसमाच्या लांबीवर ठरतं. हाच खेळ एका संध्याकाळपुरता खेळला तर तो मटक्याच्या जवळ जातो, ऑगस्ट ते मे खेळला तर शेतीच्या.

इंग्लिश फुटबॉलवरच्या फँटसी प्रीमियर लीग या फुकट खेळाचा एक मोसम पाहा. १० कोटी पौंडांच्या लुटुपुटीच्या पैशात १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे तीनच, आणि फेऱ्या ३८. इंग्लंडात शनिवारी दुपारी साडेबाराची मॅच असेल, तर संघ पक्का करायची डेडलाइन तिच्या दीड तास आधी, म्हणजे जबलपुरात दुपारी साडेतीनची. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचारची. संघाची चढउतार गोलांपेक्षा या घटकेआधीच्या चुळबुळीत जास्त दिसते. साठ मिनिटं मैदानावर राहिलेल्या खेळाडूला २ गुण मिळतात. हक्काचे फुकट बदल संपल्यावर केलेल्या प्रत्येक बदलाला ४ गुण कापले जातात. म्हणजे रागाच्या भरात घेतलेली एक ‘हिट’ दोन खेळाडूंची साधी मजुरी खाऊन जाते. शिवाय मागच्या आठवड्यात ज्याने गोल केले त्याच्यामागे सगळे धावतात आणि त्याची किंमत वाढते. पीक बाजारात आल्यावर बियाणं घ्यायला निघावं तसंच हे. मोहम्मद सलाहने २०२४-२५मध्ये ३४४ गुण दिले, म्हणजे सामन्यामागे सरासरी ९. पुढच्या मोसमात त्याची किंमत १ कोटी ४५ लाख पौंड झाली, आणि ३० नोव्हेंबरला वेस्ट हॅमविरुद्ध तो अख्खा सामना बाकावर बसून होता. त्याला घेणं चूक नव्हतं. चूक असलीच तर कालच्या आकड्यांपायी त्याला धरून बसण्यात होती.

यावर कुणी म्हणेल, सलाह बाकावर बसणार हे कोणत्या कौशल्याने कळणार? नाहीच कळणार. पण अशा घटनेचा फटका बहुतेकांना एकदमच बसतो, कारण लोकप्रिय खेळाडू सगळ्यांच्याच संघात असतात. फरक पडतो तो नंतरच्या सावरण्यात, आणि सावरायला पुढच्या फेऱ्या हाताशी लागतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये ड्रीम इलेव्हनचा, पैसे लावून एकेका सामन्यापुरता खेळायचा फँटसी खेळ कौशल्याचाच ठरवला होता. खेळाडूंची पारख करणं हे कौशल्य आहे, यात शंकाच नाही. पण एका सामन्यात ती पारख एका लाल कार्डाने मातीत जाते, आणि पैसे त्याच रात्री गेलेले असतात. भरपाईची पुढची फेरी असतेच कुठे? म्हणून न्यायालयांनी ‘कौशल्य’ म्हटलं तरी, एका सामन्यावर लावलेल्या पैशाला तो शब्द मला सैल वाटतो. अर्थात, सरसकट बंदी हाच त्यावरचा इलाज आहे का, हा प्रश्न वेगळा.

ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा ऑगस्ट २०२५मध्ये थांबवल्या. प्रीमियर लीगचा फुकट खेळ चालूच राहिला.